चारही चाकं ओढणारी गाडी फसते कशी? नागझिऱ्याच्या वाटेवरच्या फोर बाय फोरची सगळी माहिती

नागझिरा : पावसाळ्यात बंद असलेले नागझिऱ्याचे पर्यटन साधारण १ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होते. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी, उमरझरी या गेटांतून आत जाणाऱ्या गाड्यांना वर्षातला सगळ्यात खराब रस्ता नेमका तेव्हाच मिळतो. मुरूम वाहून गेलेला, चाकोरीत पाणी साचलेले, नाल्याच्या उतारावर निसरडे. तीन महिने उभ्या राहिलेल्या जिप्सीचा फोर बाय फोर लागतो की नाही, हेही त्याच दिवशी कळते. लागला नाही तर गाडी गॅरेजला जाते, तेवढ्या फेऱ्या बुडतात आणि हप्ता मात्र थांबत नाही.

फोर बाय फोरच्या बऱ्याच तक्रारींत आतले गिअर मोडलेले नसतात. कुठे टायर वेगवेगळे असतात, कुठे बोटाएवढी रबरी नळी फाटलेली असते, कुठे सेन्सरवर चिखल बसलेला असतो. आणि बऱ्याच वेळा आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा फोर बाय फोर आहे हेच मालकाला माहीत नसते. म्हणून पार्ट बदलण्याआधी तो प्रकार ओळखणे आणि टायर पाहणे, ही दोन कामे घरच्या अंगणात करता येतात.

ट्रॅक्टरवाल्याला अर्धे उत्तर माहीत असते

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. हा फरक सांभाळायला दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. त्याची खोड अशी की, एक चाक चिखलात घसरू लागले की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. घसरणारे चाक गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे चाक गप्प उभे राहते. धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरचे एक चाक असे फिरू लागले की ड्रायव्हर टाचेने डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. फोर बाय फोरमध्येही तत्त्व हेच आहे. तिथे आधी पुढची आणि मागची धुरी एकमेकींना बांधली जाते.

फोर व्हील ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागला की पुढचा जोर काढून टाकायचा असतो, हेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरची पुढची चाकं मुद्दामच मागच्यापेक्षा किंचित वेगाने फिरतील अशी जुळवलेली असतात. शेतात ते उपयोगाचे, पण कडक रस्त्यावर पुढचे टायर घासून संपतात. जिप्सीत कारण थोडे वेगळे आहे, नुकसान मात्र त्याच जातीचे.

लिव्हरवाली गाडी

मारुतीची जिप्सी १९८५ च्या शेवटी बाजारात आली आणि २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. आज जंगलात धावणारी जिप्सी म्हणजे जुनी, बहुतेक वेळा हात बदललेली गाडी. तिच्यात गिअरच्या लिव्हरशेजारी दुसरी छोटी लिव्हर असते. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर-एच म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगात, आणि फोर-एल म्हणजे चारही चाकं, वेग कमी आणि ताकद जास्त. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत आणि २०२० च्या थारमध्येही लिव्हरच आहे.

अशा गाडीत फोर-एच लावला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जोडून टाकते. मधे फरक सांभाळणारे काही नसते. आता हिशोब पाहा. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या धुरीत २,३७५ मिलिमीटर अंतर आहे. समजा मागची धुरी साडेचार मीटरच्या त्रिज्येने गोल वळली, तर पुढची सुमारे ५.१ मीटरने वळते. एक पूर्ण वेढा घातला तर पुढच्या धुरीला मागच्यापेक्षा साडेतीन मीटरहून जास्त चालावे लागते. मुरुमावर किंवा चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक पचवतात. साकोलीच्या हायवेवर कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर किंवा गिअरवर चढतो. स्टीअरिंग जड होते, गाडी धरल्यासारखी चालते, वळताना टायर ओरडतात, आणि टू-एचला टाकायला गेले की लिव्हर हलत नाही.

लिव्हर अडकली म्हणून तिला लाथ मारायची नाही, हातोडा तर नाहीच. स्टीअरिंग सरळ करून गाडी सात-आठ फूट रिव्हर्स घ्यावी, पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा आणि त्याच वेळी लिव्हर ओढावी. ताण उतरला की ती लोण्यासारखी सुटते. एक चाक कच्च्या साइडपट्टीवर घेऊनही हे जमते. नवीन ड्रायव्हरला गाडी देताना एवढी एक गोष्ट शिकवली तरी ट्रान्सफर केसचा मोठा खर्च वाचतो.

बटणवाली गाडी : नाव ऑटोमॅटिक, निर्णय ड्रायव्हरचा

दुसऱ्या प्रकारात लिव्हरच्या जागी बटण किंवा गोल नॉब असतो आणि ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर आतला गिअर सरकवते. स्कॉर्पिओ-एनचा फोर बाय फोर या जातीचा. त्यात चिखल, वाळू, गवत-खडी असे पर्याय निवडता येतात. लोक याला 'ऑटोमॅटिक फोर बाय फोर' म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. सरकवण्याचे काम मोटर करते, कधी लावायचा आणि कधी काढायचा हे ड्रायव्हरनेच ठरवायचे असते. कोरड्या डांबरावरचा नियम इथेही तोच.

खरी ऑटोमॅटिक

तिसरा प्रकार म्हणजे गाडी स्वतःच ठरवते. २०१४ मध्ये भारतात आलेली डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, २०२२ ची ग्रँड विटारा आणि हायरायडरची ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलं, एक्सयूव्ही ७०० चे तसे मॉडेल, ही या प्रकारातली. नेहमीच्या रस्त्यावर गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. मागच्या धुरीच्या तोंडाशी एक कपलिंग असते. आत तेलात बुडालेल्या पातळ क्लचप्लेटांची चळत. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग मोजत असतो. पुढचे चाक मागच्यापेक्षा जास्त फिरू लागले, म्हणजे घसरू लागले, की कंट्रोल युनिट कपलिंगला करंट देते, प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना जोर पोचतो. ड्रायव्हरला काही कळायच्या आत हे होऊन जाते. काही गाड्या तर अॅक्सिलरेटर किती दाबला आणि स्टीअरिंग किती वळवले हे पाहून चाक घसरण्याआधीच थोडा जोर मागे पाठवतात.

प्लेटा कमी-जास्त दाबता येत असल्यामुळे ही गाडी ऑटो मोडमध्ये डांबरावरही बिनधास्त चालते. मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. यांतल्या बहुतेक गाड्यांत फोर-एलसारखा ताकदीचा गिअर नसतो. आणि प्लेटा घासून काम करत असल्यामुळे त्या तापतात. चिखलात पाच मिनिटे रेस करून चाकं फिरवत राहिले की कपलिंग गरम होते, दिवा लागतो आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागचा जोर बंद करते. ड्रायव्हर म्हणतो, 'ऐनवेळी फोर बाय फोर गेला.' तो गेलेला नसतो. गाडी थांबवून थंड होऊ दिली की बहुतेक वेळा परत येतो. फसण्याची शक्यता असलेल्या तुकड्यात शिरण्याआधीच लॉक मोड लावावा. पुढे ठरावीक वेगानंतर अनेक गाड्यांत हा लॉक आपोआप सुटतो, तो बिघाड नाही.

गाडीवरच्या 'फोर बाय फोर' स्टिकरवरून यातले काहीच कळत नाही. आत फोर-एल आहे का ते पाहावे. असेल तर बहुधा पहिला किंवा दुसरा प्रकार, नसेल तर तिसरा.

आधी टायर

गावाकडे टायर जोडीने बदलायची पद्धत आहे. दोन झिजले की दोन नवे, बाकीचे दोन पुढच्या दिवाळीला. साध्या गाडीत ते खपून जाते, फोर बाय फोरमध्ये महागात पडते. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ मिलिमीटर धरली, तर ६८ सेंटिमीटर व्यासाच्या टायरमध्ये एका धुरीला दुसरीपेक्षा दर किलोमीटरला सुमारे १५ मीटर जास्त फिरावे लागते. ऑटोमॅटिक गाडीचे कंट्रोल युनिट हा फरक पाहून चाक घसरते आहे असे समजते आणि सरळ, कोरड्या रस्त्यावरही कपलिंगला कामाला लावते. परिणामी हळू वळताना गाडी थरथरते, मागून गुरगुर ऐकू येते, आणि शेवटी कपलिंगच जाते. लिव्हरवाल्या गाडीत फोर-एच लावला की हाच फरक थेट शाफ्टवर बसतो.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. दर ८ ते १० हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल केली तर सगळे सोबत झिजतात. पंक्चर झाले म्हणून वेगळ्या मापाची स्टेपनी लावली असेल तर ती घरी पोचण्यापुरती ठेवावी. हवाही चारही चाकांत कंपनीने सांगितली तेवढी असावी. गाडी थरथरते म्हणून गॅरेजला जाण्याआधी हवा तपासायला पाच मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.

लिव्हर पडते, पुढची चाकं ओढत नाहीत

ही जिप्सीवाल्यांची नेहमीची तक्रार. दिवा लागला म्हणजे फोर बाय फोर लागला असे नाही. दिवा ट्रान्सफर केसवरच्या स्विचवर चालतो, पुढे चाकापर्यंत जोर पोचला का हे त्याला माहीत नसते. खात्री करायची तर मोकळ्या मुरमाच्या मैदानात फोर-एच लावून स्टीअरिंग पूर्ण वळवावे आणि गाडी अगदी हळू चालवावी. गाडी धरल्यासारखी वाटली, चाकं मुरूम खरडू लागली तर जोर पोचतो आहे. नेहमीसारखी मोकळी वळली तर पुढे कुठेतरी साखळी तुटली आहे.

ती साखळी बहुतेक वेळा चाकाच्या हबमध्ये तुटते. काही गाड्यांत हब हाताने फिरवून लॉक करायचे असतात. घाईत एक बाजू लॉक केली आणि दुसरी फ्री राहिली, तर पुढची दोन्ही चाकं बिनकामाची होतात. कारण पुढचे डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला फुकट फिरवते. दोन्ही हब उतरून, डोळ्यांनी पाहावेत. आणि हे जंगलाच्या गेटाबाहेर करावे, आत गेल्यावर खाली उतरता येत नाही.

दुसऱ्या काही गाड्यांत हब इंजिनच्या व्हॅक्यूमवर लॉक होतात. त्यासाठी बारीक रबरी नळ्या चाकापर्यंत जातात. झुडपाच्या काटकीने, उंदराने किंवा उन्हाने ती नळी फाटली की मोटर, गिअर, सगळे ठणठणीत असूनही हब लागत नाही, किंवा अर्धवट लागून कर्रकर्र वाजते. नळी बदलण्याचा खर्च किरकोळ असतो, ती न बघता हब खोलण्याचा मोठा. तिसरे म्हणजे आपोआप लॉक होणारे हब. यांतले जुन्या पद्धतीचे काही हब सोडवायला गाडी टू-एचला टाकून दोन-तीन मीटर मागे घ्यावी लागते. हे माहीत नसल्याने कित्येक जण हब लागलेल्या अवस्थेतच गाडी चालवत राहतात.

आवाजावरूनही बरेच कळते. गिअर टाकताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना खालून 'टण्ण' आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस. पूर्ण वळणावर पुढून 'कट-कट-कट' आले तर चाकाजवळचा जॉइंट, बहुतेक वेळा त्याचे रबरी बूट आधीच फाटलेले असते. जोर दिल्यावर लिव्हर स्वतःहून बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस आतून झिजली आहे. जुनी जिप्सी घेताना हे फोर-एल लावून चढावर नक्की पाहावे. पुढच्या चाकामागच्या गोल नकलमधून पातळ तेल गळत असेल तर आतली सील गेलेली आहे आणि डिफरन्शियलचे तेल ग्रीसमध्ये उतरते आहे.

तीन दिवे एकदम

ऑटोमॅटिक गाडीत एबीएस, ट्रॅक्शन आणि फोर व्हील ड्राइव्हचे दिवे एकदम लागले की मालकाच्या पोटात गोळा येतो. तीन बिघाड एकदम झाले असे मात्र सहसा नसते. तिन्ही यंत्रणा चाकाच्या त्याच सेन्सरवर चालतात, एक सेन्सर बंद पडला की तिन्ही हात वर करतात. आधी चाकाच्या आतल्या बाजूचा चिखल पाण्याने नीट धुवावा, सेन्सरची वायर तुटली किंवा कुरतडली आहे का पाहावे, बॅटरी अशक्त आहे का तपासावे. मेकॅनिकने पार्ट बदलायला सांगितला तर आधी स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा कोड आहे ते विचारावे. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे ही दुरुस्ती नाही, मूळ दोष राहिला तर थोड्या वेळाने तो परत लागतोच.

फसलीच तर

पुढचे एक आणि मागचे तिरपे एक चाक एकदम खड्ड्यात हवेत आले तर फोर बाय फोर लावूनही गाडी हलत नाही. दोन्ही डिफरन्शियल आपापल्या घसरणाऱ्या चाकाला फिरवत बसतात. रेस वाढवली की चाक खड्डा खोल करते आणि धुरी टेकते. पहिल्यांदा घसरल्याबरोबर थांबावे. फोर-एल, दुसरा गिअर, स्टीअरिंग सरळ, आणि आल्या वाटेने मागे, हा क्रम पुढे रेटण्यापेक्षा जास्त वेळा कामी येतो. बाहेरच्या पांदण रस्त्यावर टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरून पकड वाढते, मात्र डांबरावर येण्याआधी ती पुन्हा भरावी लागते. दोरी बंपरला बांधू नये, चेसिसच्या हुकालाच लावावी, आणि ओढताना माणसं दूर ठेवावीत. ताणलेली साखळी तुटली तर पाय मोडते.

अभयारण्यात यातले बरेच काही करता येत नाही. पर्यटकांना खाली उतरायची परवानगी नाही, आणि सगळीकडे मोबाइलला नेटवर्कही मिळत नाही. तिथे मागून येणाऱ्या गाडीची वाट पाहणे हाच शहाणपणा. आत जाणाऱ्या गाडीत हुक आणि मजबूत पट्टा असणे त्यासाठीच गरजेचे आहे.

एक गैरसमज जिवावर बेततो. फोर बाय फोर गाडी पुढे ढकलायला मदत करतो, थांबवायला नाही. ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. त्यामुळे ओल्या उतारावर ही गाडी लवकर थांबत नाही. रपट्यावरून वाहणारे पाणी तर कोणताही फोर बाय फोर मानत नाही. एक फूट वाहत्या पाण्यात छोटी गाडी सरकू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. चाकच जमिनीवर टेकत नसेल तर चारही चाकांना जोर देऊन उपयोग काय?

तीन महिने उभ्या गाडीचे

गाडी बंदच ठेवायची असली तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एच लावून चालवावी. आतल्या गिअरना आणि सीलना तेल लागते, हब आणि लिव्हर जाम होत नाहीत. १ ऑक्टोबरच्या आठवडाभर आधी ही चाचणी केली तर दुरुस्तीला वेळ उरतो.

इंजिन ऑइल सगळे बदलतात, खालच्या तेलाकडे कोणी पाहत नाही. लिव्हरवाल्या गाडीत गिअरबॉक्सशिवाय ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशी तीन वेगळी तेलं असतात. ऑटोमॅटिक गाडीत कपलिंगचे तेल त्याहून वेगळे. कुठे घट्ट गिअर ऑइल लागते, कुठे पातळ. 'तेल तेच' म्हणून डब्यातले उरलेले ओतले तर क्लचप्लेटा घसरू लागतात. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल पाहावे. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, ते त्याच आठवड्यात बदलावे.

आणि गाडी बंद पडलीच, तर ऑटोमॅटिक फोर बाय फोर दोन चाकं उचलून ओढायची नाही. जमिनीवरची दोन चाकं फिरतात, उचललेली उभी राहतात, आणि मधले कपलिंग काही किलोमीटरमध्ये जळू शकते. अशा गाडीला चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवावा. क्रेनवाल्याला फोनवरच 'ऑल व्हील ड्राइव्ह आहे' असे सांगावे, म्हणजे तो योग्य गाडी घेऊन येतो.